घुमटाचा आवाज कुठून येतो?



मागच्या चवथीनंतर आपल्या आरती पथकाची एक बैठक झाली, ती तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. स्पर्धेत नंबर आला नव्हता. त्याचे फारसे दुःख कुणाला नव्हते, पण परतीच्या वाटेवर गाडीत जी कुजबुज चालली होती ती बैठकीत उघडपणे बाहेर आली. एक पालक म्हणाले, "मुलांनी मेहनत घेतली हो, पण घुमटेच बद्द वाजली." दुसऱ्यांनी लगेच पुस्ती जोडली, "बकऱ्याच्या कातड्याला कसला आवाज येणार? आमच्या आजोबांच्या घुमटाची बातच वेगळी होती. ते घोरपडीचे होते." आणखी कुणीतरी हळूच म्हणाले, की मनावर घेतले तर तसे एखादे अजूनही मिळून जाईल.

यावर क्षणभर कोणीच बोलेना. मी विज्ञान शिकवतो, म्हणून सर्वांनी माझ्याकडे पाहिले. घोरपड मारणे, तिचे कातडे विकत घेणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे, एवढे मी तिथल्या तिथे सांगितले. पण खरे सांगायचे तर खऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. तो प्रश्न असा, की घुमटाचा आवाज नेमका कशामुळे घडतो? तो सगळा कातड्यात असतो का? तसे असेल तर कायदा पाळणाऱ्याने कायम दुय्यम आवाजावर समाधान मानायचे. आणि तसे नसेल, तर आपण उगाच एका प्राण्याला वेठीस धरतो आहोत. वर्षभर या प्रश्नाचा थोडा पाठपुरावा केला. त्यातून जे हाती लागले ते या लेखात मांडत आहे.

आधी थोडे गिटारविषयी

बैठक संपल्यावर नववीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. तो घरी गिटार वाजवतो. म्हणाला, "सर, गिटारवाल्यांतसुद्धा हाच वाद असतो. कुणी म्हणतो लाकूड महत्त्वाचे, कुणी म्हणतो पिकअप." त्याचे बोलणे मला फार उपयोगी पडले, कारण वाद्याचे भाग सुटे करून विचार कसा करावा हे इलेक्ट्रिक गिटारवरून लवकर समजते.

आपल्याकडे लग्नात, फेस्ताला जी साधी पोकळ गिटार दिसते तिच्यात तार थरथरते. ती थरथर घोडीवाटे खालच्या पातळ लाकडी पाटाला मिळते, आणि पाट व पेटीतली हवा मिळून आवाज मोठा करतात. तिथे लाकूड बदलले की आवाज बदलतो, हे उघड आहे. इलेक्ट्रिक गिटारचा प्रकार निराळा आहे. तिचे अंग भरीव असते. पोलादी तारेखाली एक चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. यालाच पिकअप म्हणतात. तार हलली की वेढ्यांत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. दहावीच्या पुस्तकात विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकता ना, तेच हे. तो प्रवाह अॅम्प्लिफायर मोठा करतो आणि स्पीकर त्याचा आवाज करतो. पेटीतल्या हवेचे इथे काही कामच उरत नाही. म्हणून तर १९३२ साली रिकनबॅकर कंपनीने बाजारात आणलेली इलेक्ट्रिक गिटार चक्क ओतीव अॅल्युमिनियमची होती आणि तिच्या आकारामुळे लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणत. १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने एका जाड लाकडी ओंडक्यालाच तारा आणि पिकअप बसवून पाहिले. तेही वाजले.

आता गंमत बघा. गिटार तीच, तारा त्याच, वाजवणाराही तोच. पण घोडीजवळचा पिकअप चालू केला तर आवाज धारदार येतो आणि मानेजवळचा चालू केला तर गोल, मऊ येतो. तारेची कंपने टोकाशी आणि मधल्या भागात सारखी नसतात, एवढेच त्याचे कारण. एका वेढ्याचा पिकअप स्वच्छ, चकचकीत वाजतो, पण घरातल्या विजेची घरघरही उचलतो. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन वेढे उलटसुलट जोडून ती घरघर एकमेकींत मारून टाकली. त्या पिकअपचा आवाज अधिक भरदार, थोडा काळोखा येतो. तारेची मोकळी लांबी काही गिटारींत सुमारे ६४८ मिलिमीटर, तर काहींत सुमारे ६२८ मिलिमीटर असते. तोच स्वर हवा असेल तर लांब तारेला जवळजवळ ६ टक्के जास्त ताण द्यावा लागतो, आणि बोटाखाली ती अधिक कडक लागते. घोडी आणि खुंट्या नीट, घट्ट बसलेल्या असतील तर स्वर लांबतो. सैल असतील तर तो लवकर विरतो, क्वचित खरखरतो. या सर्वांच्या मानाने भरीव लाकडाचा वाटा थोडा असतो. किती थोडा, यावर जाणकारांत आजही वाद आहे.

या सगळ्यातून मी तीन प्रश्न आणि एक नियम वेगळा काढला. पहिला प्रश्न : काय थरथरते? दुसरा : त्या थरथरीला काय घुमवते? तिसरा : वाजवणारा मध्ये काय करतो? आणि नियम असा, की कशाचा परिणाम किती हे पाहायचे असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आजोबांचे घुमट आणि शाळेचे घुमट यांत कातडे वेगळे होते हे खरे. पण भांडे वेगळे होते, बांधणी वेगळी होती, आणि हातही वेगळा होता. मग फरक कातड्याचाच, हे कशावरून?

घुमटाची जडणघडण

घुमट म्हणजे भाजलेल्या मातीचे, दोन्ही बाजूंना उघडे असलेले भांडे. एक तोंड मोठे, त्यावर कातडे ताणून बांधलेले. दुसरे तोंड लहान आणि मोकळे. दोरीने ते गळ्यात अडकवतात, उजव्या हाताने कातड्यावर वाजवतात आणि डाव्या हाताच्या पंजाने मागचे तोंड झाकतात, उघडतात. पेडणे, डिचोलीत काय किंवा गोव्यात अन्यत्र काय, चवथीत गणपतीपुढे मराठी आरत्या सुरू झाल्या की घुमट, समेळ आणि कासाळे यांचाच नाद कानी येतो. शिगम्यात घुमट आहे, सुंवारीत आहे. आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या मांडो आणि दुलपदातही व्हायोलिनच्या जोडीला घुमटच असते. गोव्याबाहेर कारवारकडे त्याला गुमटे म्हणतात, आणि आंध्रातल्या बुर्राकथेत गुम्मेटा नावाचे त्याचे भावंड भेटते. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. एवढा मान मिळालेल्या वाद्याचा आवाज एका कातड्याच्या तुकड्यावर टिकून असेल का?

आता त्याचे एकेक भाग पाहू.

भांड्यातली हवा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की हूं असा स्वर निघतो. तिथे बाटली थरथरत नाही. तिच्या मानेतला हवेचा गोळा आत-बाहेर हलत असतो आणि आतली हवा स्प्रिंगसारखी त्याला परत ढकलत असते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला, म्हणून याला त्याचे नाव आहे. याचे नियम तीन. आतली हवा जास्त तर स्वर खाली. तोंड रुंद तर स्वर वर. मान लांब तर स्वर खाली. हे सगळे वर्गमुळाच्या हिशेबाने चालते. म्हणजे स्वर एक सप्तक वर न्यायचा तर आतली हवा निम्मी करून भागत नाही, ती चौथ्या हिश्श्यावर आणावी लागते. बाटलीत पाणी भरत भरत हे पडताळून पाहा.

घुमट ही अशीच एक मोठी, मातीची बाटली आहे. समजा एका भांड्यात सहा लिटर हवा मावते, मागचे तोंड आठ सेंटिमीटर रुंद आहे, आणि मानेतली व काठाबाहेर तिच्याबरोबर हलणारी हवा धरून लांबी दहा सेंटिमीटर आहे. पुढचे तोंड कडक झाकणाने बंद केले असे धरून गणित मांडले, तर त्या हवेचा स्वर सेकंदाला सुमारे १६० कंपनांचा येतो. हा पुरुषाच्या खर्जातल्या गळ्याजवळचा स्वर. पुढे कडक झाकणाऐवजी लवचीक कातडे असते म्हणून प्रत्यक्षात आकडा बदलेल. पण घुमटाला जो पोटातून आल्यासारखा खोल 'घूं' असतो त्याचे मूळ इथे आहे. तो कातड्याने दिलेला नसून कुंभाराने दिलेला आहे.

माती आणि भाजणी. भिंत कठीण, एकसंध आणि न गळणारी हवी. कमी भाजलेली सच्छिद्र माती आतल्या हवेची शक्ती खाते. केसाएवढी चीर असली तरी हवेचा दाब तिथून निसटतो आणि भिंतीही नीट कडक राहत नाहीत. आपल्याकडे 'मडके वाजवून घ्यावे' असे म्हणतात, ते उगीच नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजले तर भाजणी चांगली आणि अंग अखंड. थापट, फुटका आवाज आला तर कुठे तरी दोष आहे. डिचोली तालुका मातीकामासाठी जुन्या काळापासून ओळखला जातो. अशी पारख तिथल्या जाणत्या कुंभारांकडे बसून शिकण्यासारखी आहे.

कातड्याचे गणित

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. गोल पडद्याचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : त्याचा व्यास, त्याला दिलेला ताण, आणि त्याचे वजन, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे ते किती जड आहे. व्यास लहान तर स्वर वर. ताण जास्त तर स्वर वर. वजन जास्त तर स्वर खाली. शेवटचे दोन नियम पुन्हा वर्गमुळाचेच.

घोरपडीचे कातडे पातळ आणि चिवट असते, म्हणून जुने वादक त्याची तारीफ करतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. बकऱ्याचे कातडे सर्वसाधारणपणे त्याहून जाड असते. समजा जाडी दीडपट झाली आणि ताण तेवढाच ठेवला, तर स्वर जवळजवळ साडेतीन अर्धस्वर खाली घसरतो. म्हणजे पेटीवर एका सुराहून खाली साडेतीन पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या मोजून. शिवाय जाड कातडे वाकायला नाखूष असते, त्यामुळे वरचे बारीक, टणत्कारी नाद कमी होतात. 'बद्द' म्हणतात ते हेच.

पण याच गणितात उपायही दडलेला आहे. जाडी दीडपट असेल तर ताण दीडपट द्या, स्वर जागेवर येतो. किंवा मुळात जाडीच कमी करा. कोवळ्या करडाचे कातडे पातळ असते. मोठ्या बकऱ्याचे असले तर आतून जपून तासून ते पातळ करता येते. कणा गेलेल्या पट्ट्यावर कातडे जाड असते आणि पोटाकडे पातळ पण जास्त ताणले जाणारे. म्हणून एकसारख्या जाडीचा भाग निवडावा. हे न पाहता मिळेल तो तुकडा बांधला, तर दोष बकऱ्याचा म्हणावा की आपला?

बांधणी. ओले कातडे काठावर ताणून दोरीने आवळतात. वाळताना ते आक्रसते आणि ताण वाढतो. सावलीत हळूहळू वाळले तर चारी बाजूंनी सारखे ताणले जाते. कडक उन्हात घाई केली तर एक बाजू आधी आखडते. तपासायची युक्ती सोपी आहे. काठापासून दोन बोटे आत, घड्याळाच्या काट्यांसारखे बारा ठिकाणी हलके वाजवा. सगळीकडे सारखा स्वर आला पाहिजे. एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर असे झाले, तर दोन-तीन स्वर एकमेकांत भांडतात आणि नाद कोंदट होतो.

इथे तबल्याची आठवण येते. नुसत्या गोल पडद्याचे उपस्वर मूळ स्वराशी सुरेल नात्यात नसतात. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट येण्याऐवजी ते १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे येतात. तबल्याच्या, मृदंगाच्या शाईने हा दोष निघतो आणि उपस्वर सुरात बसतात, हे सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत दाखवले. पुढे १९३४ साली त्यांनी यावर सविस्तर लिहिले. घुमटाला शाई नसते. मग त्याला स्वराचा गाभा कुठून येतो? त्यात मोठा हातभार भांड्यातल्या हवेचा. याचा अर्थ तबल्यात जे काम पुडी आणि शाई मिळून करतात त्यातले बरेचसे काम घुमटात मातीचे पोट करते. कातड्याइतकाच, किंबहुना खोल नादापुरता त्याहून अधिक, मान भांड्याला द्यायला हवा.

पाऊस. चवथ भाद्रपदात येते, आणि त्या दिवसांत आपल्याकडे हवा किती दमट असते ते सांगायला नको. कातडे ओलावा पिते, सैलावते, स्वर उतरतो. जाड कातडे तितकेच जास्त ओल धरते. म्हणून आरतीपूर्वी घुमटाला जरा ऊब देतात. मात्र चुलीच्या फार जवळ नेऊ नये. कातडे तडकते, आणि एका बाजूने तापलेले भांडेही दगा देते. एरवी घुमट कोरड्या कापडात गुंडाळून उंचावर ठेवावे. आपली घुमटे शाळेत कुठे ठेवली होती? कोठीच्या खोलीत, फरशीवर, भिंतीला टेकवून. हे मी कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्या खोलीची किल्ली माझ्याकडेच असते.

आणि हात

तिसरा प्रश्न वाजवणाऱ्याचा. मागचे तोंड डाव्या पंजाने झाकले की हवेची वाट अरुंद होते, स्वर खाली जातो. पंजा उचलला की वर येतो. वाजलेला नाद चालू असतानाच पंजा उघडला तर तो स्वर सरकत वर चढतो. घुमटाचे बोलणे म्हणतात ते हे. उजव्या हाताचेही तसेच. मध्यभागी तळव्याने मारले तर खोल नाद येतो, काठाशी बोटाने मारले तर चटका येतो. बोट आपटून लगेच उचलले तर कातडे मोकळे थरथरते, रेंगाळले तर नाद गुदमरतो. गिटारमध्ये पिकअपची जागा बदलून जे साधते, ते घुमटवादक हाताची जागा बदलून साधतो. हे कोणत्याच दुकानात मिळत नाही, रियाजानेच येते.

मडक्यातली चीर

एवढा अभ्यास झाल्यावर मी पथकाची चार घुमटे घेऊन डिचोलीच्या बाजूला राहणाऱ्या एका वयस्क कुंभारकाकांकडे गेलो. बरोबर आठवी-नववीतली पाच मुले होती. काकांनी कातड्याकडे पाहिलेसुद्धा नाही. एकेक घुमट कानाशी धरून त्यांनी पेराने टिचक्या मारल्या. तिसऱ्याला त्यांनी दोनदा वाजवले, मागच्या तोंडातून आत पाहिले आणि मुलांना म्हणाले, "बाबांनो, हे फुटलेय. वाजणार कसे?" मानेपाशी केसाएवढी चीर होती. मागच्या वर्षी ज्या घुमटाला सगळ्यांनी सर्वांत जास्त नावे ठेवली होती, ते हेच.

बाकीच्या तिघांची भांडी अखंड निघाली. पण बारा ठिकाणी वाजवण्याची परीक्षा मुलांनीच घेतली, तेव्हा दोन घुमटांत एक बाजू स्पष्टपणे सैल आढळली. ती दोन्ही सोडून, कातडे आतून थोडे तासून, पुन्हा ओली करून बांधली आणि सावलीत वाळू दिली. आता ती कशी वाजतात ते मी सांगत नाही. तुम्ही येऊन ऐका. एवढेच सांगतो, की कातडे तेच बकऱ्याचे आहे.

पालकांना आणि विश्वस्तांना

घोरपड हा भारतीय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याविषयीच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद व शिवाय दंड आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारालाही तिच्या बाबतीत बंदी आहे. पण भीती हे एकच कारण नको. घोरपड उंदीर, किडे, मेलेली जनावरे खाऊन आपली कुळागरे आणि शेते साफ ठेवते. मुलांच्या हातात आरतीसाठी वाद्य द्यायचे आणि त्यासाठी अशा प्राण्याचा जीव घ्यायचा, हे गणरायालाही रुचणार नाही. ज्यांच्या घरी पूर्वजांचे जुने घुमट असेल त्यांनी ते विकू नये, कुणाला देऊही नये. त्याबाबत वनखात्याकडे विचारणा करावी.

आता जे म्हणतात की तो जुना नाद पुन्हा येणार नाही, त्यांच्याशी मी भांडणार नाही. अगदी तसाच कदाचित येणारही नाही. कातडे बदलले की काही तरी बदलतेच, हे वरच्या गणितातूनच दिसते. पण चांगला आवाज आणि तोच आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या आवाजासाठी लागणारे भांडे, बांधणी, निगा आणि हात हे चारही आपल्या हातात आहेत, आणि चारांतही आपण कमी पडलो होतो.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे माझे तीन प्रस्ताव आहेत. एक, फुटलेल्या घुमटाच्या जागी नवे घेताना आणखी एक जास्तीचे घ्यावे, आणि ते निवडायला पथकातल्या मुलांनाच न्यावे. मडके वाजवून कसे घ्यायचे ते त्यांना आता कळते. दोन, कोठीच्या खोलीत एक उंच लाकडी फळी बसवावी. तीन, चवथीच्या आधी एका संध्याकाळी पडद्यामागून घुमटे वाजवावीत. वादक एकच असावा, आणि पुढे बसलेल्या पालकांनी कोणते आवडले ते चिठ्ठीवर लिहावे. कोणत्या घुमटाचे भांडे मोठे, कोणाचे कातडे पातळ, हे चिठ्ठ्या जमा झाल्यावरच सांगू. एरवी आपण कानांपेक्षा डोळ्यांनीच जास्त ऐकतो.

मुलांसाठी घरचा प्रयोग

शेवटी तुमच्यासाठी थोडा गृहपाठ.

१. घरातले रिकामे मडके किंवा कळशी घ्या. तोंडाशी तोंड नेऊन खालपासून वरपर्यंत हळूहळू गुणगुणा. एका विशिष्ट स्वरावर भांडे एकदम घुमू लागेल. तो त्या भांड्यातल्या हवेचा स्वर. मग तोंड हाताने अर्धे झाकून पुन्हा गुणगुणा आणि तो स्वर कुठे गेला ते पाहा.

२. प्लास्टिकच्या रुंद बरणीचे बूड मोठ्यांकडून कापून घ्या. बुडाच्या बाजूला मोठा फुगा कापून ताणून बांधा, तोंडाची बाजू उघडी ठेवा. झाले तुमचे घुमट. आधी एक फुगा, मग एकावर एक दोन फुगे तेवढेच ताणून बांधून वाजवा. आवाजात काय बदल झाला ते लिहा.

३. आता दोन फुगेच ठेवा, पण ताण वाढवा. पहिला आवाज परत मिळतो का? मिळाला नाही, तर काय राहून गेले?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र विसरू नका. निरीक्षणे वहीत लिहून विज्ञानाच्या तासाला आणा. सर्वांत नीटनेटकी नोंद पुढच्या अंकात छापू. आणि हो, ज्या नववीतल्या मुलाने गिटारची गोष्ट काढली, तो आता शनिवारी तालमीला येतो. त्याचा डावा हात अजून मागच्या तोंडावर नीट बसत नाही, पण चवथीला वेळ आहे.